फी माफ, बाप हजर

द्रोणाचार्य हे आपल्याकडचे पहिले पगारी प्राध्यापक. त्याआधीचे ऋषी आश्रमात शिकवायचे, गाई राखायचे आणि दक्षिणेवर भागवायचे. द्रोणांनी मात्र हस्तिनापुरात रीतसर नोकरी धरली, आणि त्यांचा मुलगा अश्वत्थामा राजपुत्रांच्या वर्गात जाऊन बसला. फी किती भरली, पावती कोणी फाडली, याचा महाभारतात पत्ता नाही. आदिपर्वात नोंद आहे ती वेगळीच. द्रोण सगळ्या शिष्यांना पाणी आणायला अरुंद तोंडाचे कमंडलू द्यायचे आणि पोराला रुंद तोंडाचा घडा. घडा लवकर भरे, पोरगा लवकर परते, आणि बाकीचे नदीवर ताटकळत असताना त्याचा जादा तास उरके. अर्जुनाच्या हे लक्षात आलं. मग त्यानं वारुणास्त्रानं कमंडलू भरायला सुरुवात केली. तेव्हापासून ज्या संस्थेनं कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी रुंद तोंडाचा घडा काढला, तिथं एक अर्जुन निघालाच. हल्लीचा अर्जुन वारुणास्त्राऐवजी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतो, एवढाच फरक.

आमच्या गोंदियात हा घडा फार लहान आहे. मी इथल्या एका अनुदानित महाविद्यालयाच्या कार्यालयात बाबू आहे. महाविद्यालयाचं नाव सांगत नाही. निवृत्तीला अवकाश आहे आणि माझ्या उपदानाची फाइल त्याच कपाटात आहे. विद्यापीठ म्हणाल तर ते सुमारे १३० किलोमीटरवर, नागपुरात, १९२३ पासून. १ मे १९९९ला गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तेव्हा आम्हाला वाटलं, आता सगळी कार्यालयं दारात येतील. कलेक्टर आले, एसपी आले, २०१६ मध्ये तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आलं. चंद्रपूर-गडचिरोलीकरांना २०११ मध्ये स्वतःचं गोंडवाना विद्यापीठ मिळालं. आम्ही नागपूरच्याच खात्यावर राहिलो. त्यामुळं विद्यापीठ आमच्याकडं परिपत्रकाच्या रूपानं येतं, तेही बहुधा मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. विद्यापीठ कर्मचारी हा प्राणी इथं आढळत नाही. आढळतो तो महाविद्यालयीन कर्मचारी. त्याला पगार सरकार देतं, रजा प्राचार्य देतात आणि कामं सगळेच देतात.

या भागात शिक्षण आणलं ते मनोहरभाई पटेलांनी. १९५८ मध्ये त्यांनी गोंदिया एज्युकेशन सोसायटी काढली आणि धानाच्या बांध्यांमधून शाळा-कॉलेजं उगवली. ९ फेब्रुवारीला, त्यांच्या जयंतीला, गोंदिया-भंडाऱ्याच्या गुणवंत पोरापोरींना अजून सुवर्णपदकं दिली जातात. पदकाला बापाच्या उत्पन्नाचा दाखला लागत नाही. माझ्या माहितीत गोंदियात दाखल्याशिवाय मिळणारी शैक्षणिक गोष्ट ही एवढीच.

बाकी सगळं दाखल्यावर. आणि ते मागायला लोक येतात नेमके धानाच्या रोवणीच्या दिवसांत. प्रवेश आणि रोवणी एकाच वेळी ठेवण्याची कल्पना ज्या कोणाची असेल त्याच्या घरी शेती नव्हती. बाप पऱ्हे तसेच बांधावर टाकून येतो, पोट्ट्याला पुढं करतो आणि खिडकीतून विचारतो, “बाबूजी, काही माफ-बिफ होते का जी?”

होते ना. महाराष्ट्रात सवलतींचा कधी दुष्काळ नव्हता. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री होते तेव्हा वर्षाला १२०० रुपयांपेक्षा कमी मिळकत असणाऱ्यांच्या मुलांची फी माफ झाली. तीच ती ‘ईबीसी’. तिच्यावर या राज्यातल्या निम्म्या अधिकाऱ्यांचं शिक्षण झालं आणि पुढं त्यांनीच तिच्यासाठी लागणाऱ्या कागदांची संख्या वाढवली. माजी सैनिकांच्या मुलांना सवलत आहे. स्वातंत्र्यसैनिकांच्या मुलांना आहे. त्या रकान्यावर खूण करणारा विद्यार्थी माझ्या खिडकीशी आलेला नाही, कारण तो आता स्वतःच पेन्शनीच्या रांगेत असणार. बीडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार खात्याची शिष्यवृत्ती आहे. तेंदूपत्त्याच्या या मुलखात ती हवीच होती. प्राथमिक शिक्षकांच्या मुलांना सवलत आहे, तिला पीटीसी म्हणतात. माध्यमिक शिक्षकांच्या मुलांना आहे, ती एसटीसी. हे दोन्ही फॉर्म कॉलेजचे प्राध्यापक तपासतात, कॉलेजचे बाबू त्यावर शिक्के मारतात आणि कॉलेजचे शिपाई ते नागपूरला पोचवतात. वर कॉलेजवाल्यांच्या मुलांसाठी काय, म्हणून बघावं तर उरते ती नुसती टीसी. शाळा सोडल्याचा दाखला. तोही फी भरल्याशिवाय मिळत नाही.

सगळ्यांत कहर म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यांची एकलव्य शिष्यवृत्ती. आपल्या सगळ्या पुराणांत सर्वांत महागडी फी ज्यानं भरली, तीही वर्गात पाऊल न टाकता, त्याच्याच नावानं सरकारनं आर्थिक मदत काढली. हे नाव ठेवणारा अधिकारी एक तर फार खोल विचाराचा असावा किंवा त्यानं गोष्ट अर्धीच ऐकली असावी. आता या शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात आणि तिथं ओटीपी घालायला अंगठाच लागतो.

माझ्यासारख्यांसाठी काहीच नाही असं मात्र नाही. आमच्या संस्थेच्या एका जुन्या ठरावात लिहिलं आहे की कर्मचाऱ्यांच्या पाल्यांना ‘शिक्षण शुल्कात’ पन्नास टक्के सूट द्यावी. नवीन लागलेला माणूस हे वाचून हरखतो आणि घरी जाऊन बायकोला सांगतो, पोराच्या कॉलेजची चिंता मिटली. मग तीन-चार वर्षांनी पोर बारावी होतं आणि त्याच्या हातात पावती पडते.

फीची पावती हा वाङ्मयाचा दुर्लक्षित प्रकार आहे. त्यात पहिली ओळ शिक्षण शुल्काची. अनुदानित कॉलेजात बी.ए.चं शिक्षण शुल्क अजून शेकड्यांत आहे, कारण शिकवण्याचे पैसे सरकार देतं. पण बाकीच्या ओळी सरकार देत नाही. प्रवेश शुल्क, नामांकन शुल्क, ग्रंथालय, ग्रंथालय अनामत, प्रयोगशाळा, जिमखाना, वार्षिकांक, ओळखपत्र, वैद्यकीय तपासणी, विद्यार्थी कल्याण, विद्यार्थी साहाय्य, अश्वमेध, आपत्ती व्यवस्थापन, ई-सुविधा, परीक्षा, गुणपत्रिका. अश्वमेध म्हणजे आंतरविद्यापीठ क्रीडास्पर्धा. घोडा कोणाच्या गावी फिरतो ते मी पाहिलेलं नाही, पण त्याचा चारा प्रत्येक विद्यार्थी घालतो. सूट मिळते ती पहिल्या ओळीत, आणि तीही अर्धी. एका प्राध्यापकांनी हिशेब मांडला तेव्हा वाचलेली रक्कम ही अर्जाला लावलेल्या झेरॉक्सपेक्षा थोडी जास्त निघाली. रंगीत झेरॉक्स धरली तर बरोबरी.

तरीही काही बाप हट्टानं पोराला आपल्याच कॉलेजात घालतात. “घरचं कॉलेज आहे,” असं म्हणतात. घरचं कॉलेज म्हणजे काय ते पोराला पहिल्या आठवड्यात कळतं.

आमचे एक सर भूगोल शिकवतात. त्यांचा मुलगा बी.ए. प्रथम वर्षाला आला. साधा विद्यार्थी तास बुडवतो तेव्हा ती बातमी सेमिस्टरच्या शेवटी हजेरीपटातून कळते. सरांच्या मुलानं तास बुडवला की फाटकावरचा चौकीदार सायकल स्टँडवाल्याला सांगतो, तो पोहेवाल्याला सांगतो, आणि पोहेवाला तर्री वाढता वाढता सरांनाच विचारतो, “सर, लहान सर आज इकडंच दिसून रायले?” पोरगा पास झाला तर लोक म्हणतात, बापानं केलं. नापास झाला तर म्हणतात, बाप असून केलं नाही. वक्तृत्व स्पर्धेत त्याचा दुसरा नंबर आला तेव्हा पहिल्या नंबरवाल्याच्या बापानंही तक्रार केली. त्याचं म्हणणं, दुसरा तरी का आला? एवढं सोसून त्या मुलानं वर्षाला वाचवले काहीशे रुपये. पोरानं घरी एकदा स्पष्टच सांगितलं, “पप्पा, मी पूर्ण फी भरतो, तुम्ही दुसरीकडं बदली मागा.”

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तर मी स्वतः उभा राहून पाहिलेली गोष्ट. तिथल्या परिचरांची मुलगी बी.एस्सी.ला. पहिल्या दिवशी तिनं सवयीनं “बाबा, ब्युरेट” म्हटलं आणि वर्ग हसला. तेव्हापासून तीही बाकीच्यांसारखी “काका” म्हणू लागली. एका दुपारी तिच्या हातून पिपेट फुटली. काकांनी ब्रेकेजचं रजिस्टर उघडलं, चष्मा लावला आणि स्वतःच्या पोरीचं पूर्ण नाव, म्हणजे मधे स्वतःचंही नाव, सुवाच्य अक्षरात लिहिलं. पिपेट, दहा मिली, एक नग. पोरगी हळूच म्हणाली, “घरून देईन.” काका म्हणाले, “घरी बी मीच देणार हाय, मंग इथंच देतो.” खिशातून पैसे काढले, पावती फाडली, पावती पोरीला दिली आणि पोरीनं ती संध्याकाळी घरी बापाला दाखवली. नियम म्हणजे नियम.

खरा फटका परीक्षेत. ज्याचं मूल परीक्षेला बसलं आहे त्याला परीक्षेच्या कामापासून दूर राहावं लागतं. पेपर काढणारा, तपासणारा, प्रत्येक जण जवळचं कोणी परीक्षार्थी नसल्याचं लिहून देतो. हे योग्यच आहे, नाहीतर द्रोणांचा घडा पुन्हा निघायचा. पण पर्यवेक्षणाचं आणि मूल्यांकनाचं मानधन हे आमच्या घरांचं दिवाळीचं अंदाजपत्रक असतं. पोराला घरच्या कॉलेजात घालून बाप फीमध्ये शेकडे वाचवतो आणि मानधनात हजार घालवतो. अर्थशास्त्राच्या एका मॅडमनी हे गणित फळ्यावर मांडलं होतं. त्यांचा मुलगा दुसऱ्या कॉलेजात शिकतो.

माझे शेजारी रेल्वेत आहेत. गोंदिया जंक्शनवर निम्मं गाव रेल्वेत असतं आणि उरलेलं निम्मं गाडी चुकलेलं असतं. केंद्र सरकार त्यांना मुलांचा शिक्षण भत्ता देतं. सातव्या वेतन आयोगानंतर दरमहा दर मुलामागं २,२५० रुपये, आणि महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर गेल्यावर जानेवारी २०२४ पासून २,८१२ रुपये पन्नास पैसे. त्या पन्नास पैशांवरून मला केंद्र सरकारबद्दल आदर वाटतो. बाजारात ते नाणं कोणी घेत नाही, पण हिशेब म्हणजे हिशेब. शिवाय पोरांना शाळेत जायला रेल्वेचा पास. हा भत्ता मिळतो बारावीपर्यंत. म्हणजे खर्च कमी असतो तोवर सरकार बोट धरतं आणि मूल कॉलेजच्या दारात आलं की हात हलवून निरोप देतं. शेजाऱ्यांचं मूल बारावी झालं त्या जूनमध्ये ते माझ्याकडं आले. म्हणाले, “तुमी तं कॉलेजातच आहा. तुमाले तं सगळंच फ्री असन?” मी त्यांना चहा दिला. तो फ्री होता.

प्राप्तिकर खात्याचं प्रेम तर याहून हळवं होतं. शिक्षण भत्त्यापैकी दर मुलामागं महिन्याला शंभर रुपये करमुक्त असत, तेही दोन मुलांपर्यंत, वसतिगृहाला तीनशे. हा आकडा कित्येक वर्षं तसाच राहिला. अर्थमंत्री आले, गेले, शंभर रुपये हलले नाहीत. शंभर रुपयांत मूल महिनाभर काय शिकेल? फार तर शंभरपर्यंत मोजायला. मालकानं स्वतःच्याच संस्थेत कर्मचाऱ्याचं मूल फुकट शिकवलं तर तो लाभ महिन्याला हजार रुपयांपर्यंत करमुक्त, त्यापुढं कर, असाही एक नियम होता. आमच्या एका उत्साही प्राध्यापकांनी मार्चमध्ये मला गंभीर चेहऱ्यानं विचारलं, “आपली सूट त्यात बसते ना?” मी म्हटलं, सर, महिन्याला हजाराचा लाभ होईल इतकी आपली फीच नाही. ते थोडे खट्टू झाले. करपात्र होण्यातही एक प्रतिष्ठा असते.

मग जुलै २०२४ आला. आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शासनानं शंभर टक्के माफ केली. योजना चांगली, यात शंकाच नाही. आमच्याकडच्या सालेकसा-देवरीच्या मुली इंजिनीअरिंगला जाताना मी या डोळ्यांनी पाहतो आहे. पण आठ लाख या आकड्यानं आमच्या स्टाफरूममध्ये जो धुमाकूळ घातला तो सांगायला हवा.

सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७००. बारानं गुणा, ६,९२,४००. महागाई भत्ता न धरता तो रेषेच्या आत, धरला की थेट पलीकडं. त्यामुळं प्राध्यापकांनी पहिल्याच दिवशी आशा सोडली आणि ते जुन्या पेन्शनवर बोलू लागले. हाल झाले ते मधल्यांचे. मुख्य लिपिक, लेखापाल, ग्रंथालय साहाय्यक. यांचा वार्षिक आकडा आठ लाखांच्या अंगाखांद्यावर खेळत असतो. एरवी महागाई भत्ता वाढला की आमच्याकडं पेढे येतात. आमचे एक मोठे बाबू, ज्यांची मुलगी नागपुरात इंजिनीअरिंगला आहे, ते सध्या महागाई कमी व्हावी म्हणून मांडोदेवीला नवस बोलून आले आहेत. देशातली महागाई कमी व्हावी असं मनापासून वाटणारा सरकारी पगारदार मी पहिल्यांदा पाहिला. त्यात एका वर्षी वेतन आयोगाची थकबाकी जमा झाली. थकबाकी म्हणजे मागच्या वर्षांचे न मिळालेले पैसे; पण आली या वर्षी, म्हणून या वर्षाचं उत्पन्न. सरकारनं उशिरा पैसे देऊन बाबूंना श्रीमंत केलं आणि श्रीमंत म्हणून त्यांच्या पोरीला फी लावली. त्या दिवशी बाबू खिडकीत बसले होते आणि पुढच्या माणसाचा उत्पन्नाचा दाखला बघत होते. माणसाची गावात राइस मिल आहे. दाखल्यावरचा आकडा बाबूंच्या आकड्यापेक्षा बराच नम्र होता. बाबूंनी दाखल्याकडं पाहिलं, माणसाच्या गाडीकडं पाहिलं आणि शिक्का मारला. पगारदाराचं उत्पन्न फॉर्म सोळात उघडं पडलेलं असतं. बाकीच्यांचं सेतू केंद्रात जाऊन कपडे घालून येतं.

आमच्या कॉलेजात ज्याच्या मुलाला सगळ्या सवलती विनातक्रार मिळतील असा एकच वर्ग आहे. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. त्यांच्याकडं नेट-सेट असते, पीएच.डी. असते, आणि तासांवर मिळणारं मानधन असतं, जे सत्र संपल्यावर कधीतरी येतं. आठ लाख हा आकडा त्यांना फक्त इतरांच्या कागदावर दिसतो. त्यांचा उत्पन्नाचा दाखला बघून तहसील कार्यालयातल्या माणसानं एकदा विचारलं होतं, “सर, हे महिन्याचं की वर्षाचं?” सगळ्या फीमाफीला ते पात्र आहेत. फक्त संस्थेच्या ‘कर्मचारी पाल्य’ सवलतीला अपात्र, कारण नियमाप्रमाणं ते कर्मचारी नाहीत. यावर मी विनोद करणार होतो, पण तो आधीच झालेला आहे.

शिवाय सवलत घ्यायला मूल इथं राहायला तर हवं. सवलत असलेल्या कॉलेजात मूल जात नाही आणि मूल जातं त्या कॉलेजात सवलत नसते, हा आमच्याकडचा अनुभवसिद्ध नियम. महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाहून निघते ती कोल्हापूरला थांबते, सुमारे साडेतेराशे किलोमीटर, आणि तिच्या प्रत्येक डब्यात विदर्भातल्या शिक्षकांची पोरं पुण्याला शिकायला निघालेली असतात. त्याआधी दोन वर्षं नीट किंवा जेईईच्या क्लासला. कोटा, लातूर, किमान नागपूर. क्लासवाले मात्र सवलतीच्या बाबतीत दिलदार. आधी आभाळाला भिडणारी फी सांगतात, मग एक परीक्षा घेतात, मग पोराला ‘ऐंशी टक्के स्कॉलरशिप’ जाहीर करतात आणि उरलेल्या वीस टक्क्यांत बापाचा भविष्यनिर्वाह निधी मावतो. बापाला वाटतं पोरगा हुशार निघाला. क्लासवाल्यालाही तसंच वाटतं, पण स्वतःबद्दल.

गाव सोडण्याची ही रीत जुनी आहे म्हणा. आमगावजवळचं पदमपूर हेच भवभूतीचं पद्मपूर, असं आम्ही मानतो. उत्तररामचरित लिहिणारा एवढा मोठा नाटककार, पण नोकरीला कनौजच्या दरबारी. इथं राहिला असता तर तासिका तत्त्वावर संस्कृत शिकवत बसला असता.

अमेरिकेत हे प्रकरण वेगळ्या थराला गेलेलं आहे. तिथल्या पुष्कळ विद्यापीठांत कर्मचाऱ्याच्या मुलाची पदवीची फी माफ असते, आणि पदवीच्या पातळीवर त्या माफीवर करही लागत नाही. कर्मचारी म्हणजे कुलगुरूंपासून झाडूवाल्यापर्यंत. बॉस्टन कॉलेजमधल्या रात्रपाळीच्या एका सफाई कामगारानं पाच मुलं त्याच कॉलेजातून पदवीधर केली. ती बातमी जगभर फिरली तेव्हा आमच्या स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही आली. वर एका प्राध्यापकांनी लिहिलं, “आपण चुकीच्या कॉलेजात झाडू मारतो आहोत.” दिल्ली विद्यापीठात फीऐवजी जागाच देतात, कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी वॉर्ड कोटा आहे. आमच्याकडं कोट्याचा प्रश्न येत नाही. बी.ए.ला इतक्या जागा रिकाम्या आहेत की उन्हाळ्यात प्राध्यापकच गावोगाव पत्रकं घेऊन फिरतात आणि विद्यार्थी त्यांना विचारतात, “मले काय देसान?”

आमची खरी शैक्षणिक सवलत देते ती कर्मचाऱ्यांची पतसंस्था. पोराच्या फीला कर्ज देते आणि त्यावर व्याज घेते. वार्षिक सभेत पंच्याहत्तर टक्क्यांवरच्या पाल्यांचा सत्कार करते: गुलाबाचं फूल, प्रमाणपत्र आणि स्टीलचा डबा. माझ्या घरी असे डबे आहेत. पोरं पुण्याला गेली, डब्यांत आता मी पऱ्ह्यांचं बियाणं ठेवतो.

या पतसंस्थेच्याच सभेत यंदा विषय निघाला की संस्थेची सूट पन्नास टक्क्यांवरून शंभर करून मागावी आणि तीही पावतीतल्या सगळ्या ओळींवर, अश्वमेधासकट. ठराव झाला, शिष्टमंडळ ठरलं. आम्ही पाच जण संस्थेच्या सचिवांकडं गेलो. मनात धाकधूक होती. मागच्या वेळी पंख्यांची मागणी केली होती तेव्हा त्यांनी आम्हाला स्वातंत्र्यलढा सांगितला होता. यावेळी त्यांनी शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला आणि मला विचारलं, “बाबू, आपल्या स्टाफची किती मुलं सध्या आपल्याकडं आहेत?”

मी रजिस्टर बरोबर नेलं होतं. भूगोलाच्या सरांचा मुलगा दुसऱ्या कॉलेजात गेला होता. पानं उलटली. एक निघाली. परिचरांची मुलगी, बी.एस्सी. अंतिम वर्ष, परीक्षा दोन महिन्यांवर.

“मंजूर,” सचिव म्हणाले. “शंभर टक्के. सगळ्या ओळी. पुढच्या सत्रापासून लागू.” वर त्यांनी समोसे मागवले.

स्टाफरूममध्ये टाळ्या झाल्या, सचिवांचा फोटो काढून ग्रुपवर टाकला गेला. मग पंधरा मिनिटांनी ग्रंथपाल मॅडमनी विचारलं की स्वतःचं मूल इथं नसेल तर ही सूट भाचीला लावता येईल का. वाणिज्यच्या सरांनी विचारलं, पाल्य याचा अर्थ पाळलेला असा घेतला तर साळ्याचा मुलगा त्यात बसतो का? तो गेली चार वर्षं आपल्याकडंच जेवतो. मोठे बाबू म्हणाले, सून धरावी. परिचर काका कोपऱ्यात उभे होते. ते म्हणाले, “माही पोट्टी तं आता निंगून रायली. मले त्या एका पिपेटीचे तेवढे वापस मिळतीन का?”

‘पाल्य’ या शब्दाची व्याख्या ठरवायला उपसमिती नेमली आहे. निमंत्रक मी. पहिली बैठक रोवणी आटोपल्यावर, प्रवेश बंद झाले की लगेच.